पाठ घोडीची, बैठक आपली

रायगडच्या किनाऱ्यावर नाव गाजलं ते गलबतांचं, घोडदळाचं नव्हे. तरी घोडा इथे परका नाही. मध्ययुगात अरबस्तान-इराणकडचे घोडे जहाजांतून चौलच्या बंदरात उतरत आणि घाट चढून दख्खनच्या सुलतानांच्या पागांत दाखल होत. 1469च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी हुर्मुझकडून असाच एक घोडा घेऊन चौलला आला. त्या घोड्यात त्याचे शंभर रुबल अडकले होते. जुन्नरला तिथल्या खानाने तो हिसकावून घेतला आणि बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर परत दिला. रेवदंड्यात निकितिनचं स्मारक आहे. घोड्याचं नाही, पण ते चालायचंच.

आता या पट्ट्यात घोडे तीन तऱ्हांचे. अलिबागहून ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्याकडे जाणाऱ्या गाड्यांचे, नागाव-काशीदच्या वाळूवर पर्यटकांना फेरी मारून आणणारे, आणि ज्यांचा धनी स्वतःच त्यांच्यावर बसून नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून, शेताच्या बांधांवरून, जमलं तर सागरगडाच्या चढणीवर रमतगमत हिंडतो असे. या तिसऱ्या तऱ्हेच्या मंडळींमध्ये हमखास पेटणारा एक वाद आहे. नेहमीच्या खोगिराच्या पोटात लाकडाचा किंवा फायबरचा, काही वेळा पोलादी पट्ट्या जडवलेला एक सांगाडा असतो. क्लबांत त्याला ‘ट्री’ म्हणतात. तो नसलेलं, मऊ, वाकणारं खोगीर म्हणजे ट्रीलेस. लांबच्या रपेटीला कोणतं बरं?

खालचे मामा आणि भाची कुणा एका घरातले नाहीत. दोन बाजूंची मतं मी त्यांच्या तोंडी घातली आहेत. मामाचा जन्म घोड्यांत गेला, आधी माथेरानला आणि मग अलिबागला. भाची पुण्यात नोकरी करते, तिची घोडी चांदणी मामाच्या वाडीत असते.

भाची: मामा, दोन तास झाले की माझे गुडघे बोलायला लागतात. कंबर तर विचारू नकोस. मी ट्रीलेस घेणार आहे.

मामा: घे की. पैसे तुझे. घोडीला विचारलंस?

भाची: तिच्यासाठीच घेतेय.

मामा: आत्ता तर गुडघ्यांचं बोललीस.

भाची: दोघींसाठी म्हण. ऐक ना. पावसाळ्यात तिला काम नसतं. हिरव्या गवतावर तिचं पोट सुटतं, पाठ पसरते. मे महिन्यात तीच पाठ उतरते, खांद्यामागे खड्डे पडतात. सांगाडा मात्र बारा महिने तेवढाच. उन्हाळ्यात नीट बसलेलं खोगीर दिवाळीत तिच्या खांद्यांत रुततं.

मामा: ते खरं. कोकणातला पावसाळा घोड्याला मानवत नाही. चिपळूणजवळच्या छावणीला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र आहे ना, दाणागोटा आत्ताच उधळाल तर पावसात घोडी मरतील असं बजावणारं? ते काय उगाच नाही. पण त्याला उपाय खालची गादी बदलणं. पाठ उतरली की जाड नमदा टाकायचा, भरली की पातळ. खोगीर कशाला टाकून देतेस?

भाची: पाठ उतरली तर गादी चालेल. पण पाठ भरली की? अरुंद सांगाड्याखाली जाड काय नि पातळ काय, तो चिमटणारच.

(इथे भाचीचा मुद्दा बिनतोड आहे. घट्ट होणाऱ्या बुटात जाड मोजा घालून कुणाचा पाय सुखावलेला नाही. घोडेवाले हा उपाय सर्रास करतात, कारण खोगीर एक आणि घोडे चार अशी त्यांची अडचण असते.)

मामा: बरं, सांगाडा असतो कशाला, ते सांग.

भाची: रिकिबी अडकवायला. आणि वजन पसरवायला.

मामा: नुसतं पसरवायला नाही, कुठे पसरवायचं ते ठरवायला. पाठीच्या मधोमध कणा. त्याच्यावर भार पडताच कामा नये. कण्याच्या दोन्ही अंगांना मांसाचे लांब पट्टे असतात, ओझं त्यांनी घ्यायचं. सांगाडा तुझं वजन त्या दोन पट्ट्यांवर खांद्यामागून थेट कमरेपर्यंत नेतो आणि मधली पन्हळ मोकळी ठेवतो. तो काढलास की उरलं काय? तुझ्या बैठकीची दोन हाडं, तिची पाठ आणि मधे तो फोम. सगळं वजन दोन ठिकाणी.

भाची: हे मोजलंय लोकांनी.

मामा: कुणी?

भाची: अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी. 2012 साली छापून आलंय. खोगिराखाली दाब मोजणारी चटई घालायची आणि स्वाराने दुडक्या चालीत बूड न उचलता बसून राहायचं. एकदा सांगाड्याच्या खोगिरावर, एकदा ट्रीलेसवर.

मामा: मग?

भाची: तुझ्या बाजूचं निघालं. सांगाड्याच्या खोगिराखाली वजन जास्त जागेवर पसरलं. ट्रीलेसखाली जास्त दाबाचा भाग मोठा निघाला.

मामा: आणि तरी घेणार?

भाची: तरी. एक तर ते दुडकीत बसून राहण्याचं माप आहे, आणि त्या चालीत प्रत्येक पावलाला वजन आदळतं. मी वाटेवर दुडकीत रिकिबीवर उठते-बसते, आणि निम्म्याहून जास्त वेळ तर आम्ही चालतच असतो. दुसरं म्हणजे, सांगाडा वजन पसरवतो हे खरं कधी? तो त्या घोड्याच्या पाठीला बसत असेल तेव्हा. पाठ वाकडी आणि सांगाडा सरळ असेल तर तो पुढे टेकतो, मागे टेकतो, मधे पोकळ. मग चार कोपऱ्यांवर सगळा भार. तुझ्या रांगेतल्या किती घोड्यांना त्यांचं खोगीर बसतं?

मामा: दोघांना.

हा कबुलीजबाब मला महत्त्वाचा वाटतो. ट्रीलेसचे भक्त तो अभ्यास सांगत नाहीत आणि विरोधकांना दुसरं काही माहीत नसतं. पण खरी तुलना चांगला सांगाडा आणि ट्रीलेस यांची नसतेच. आपल्याकडे ती बहुतेक वेळा न बसणारा सांगाडा आणि ट्रीलेस यांची असते. खोगीर घोड्याच्या मापाने जुळवून देणारा माणूस परदेशात दर हंगामाला तबेल्यात येतो. इथे मुंबई-पुण्याच्या क्लबांबाहेर तशी सोय मिळणं कठीण. चामड्याच्या खोगिरांसाठी कानपूरचं नाव आहे, भौगोलिक मानांकनही आहे, आणि तिथले कारागीर हवं ते शिवून देतात. पण ते शिवणार मागितलेल्या मापाचं. तुमच्या घोडीची पाठ त्यांनी बघितलेली नसते.

भाची: आणि मामा, आपले जुने स्वार काय सांगाड्यावर बसून अटकेपर्यंत गेले? चारजामा म्हणजे निव्वळ कापडी बैठक. खोगीर म्हणजे भरलेली गादी.

मामा: स्वार किती किलोचा होता, ते नाही सांगितलंस. घोडं भीमथडीचं, काटक. वर बसणारा सुक्या बांध्याचा. संध्याकाळी मुक्कामाला मोतद्दार पाठीवरून हात फिरवणार, गरम लागलं की दुसऱ्या दिवशी ते घोडं मोकळं चालणार. माझ्याकडे शनिवारी मुंबईचा माणूस येतो, जेवून, नव्वद किलोचा. तो बसत नाही, पडतो घोड्यावर. त्याच्याखाली गादी घालू? कण्याचं पीठ होईल.

भाची: नव्वद किलोच्या माणसाला तू बसवतोसच कशाला? 1965च्या सरकारी नियमांत तट्टाच्या पाठीवर ओझं किती, माहितेय? सत्तर किलो. खेचराला दोनशे, गाढवाला पन्नास.

मामा: ते ओझ्याच्या जनावरांचं.

भाची: माणूस म्हणजे ओझं नव्हे? घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत स्वार आणि खोगीर मिळून राहावं, असं घोड्याचे जाणकार धरून चालतात. तुझं तट्टू अडीचशे किलोचं असेल तर झाले पन्नास.

मामा: मग धंदा बंद करू?

(भाचीने इथे उत्तर दिलं नाही, आणि तिच्याकडे ते नव्हतंही. मामाच्या घरचा दाणा त्याच शनिवारवर येतो.)

खोगिराच्या इतिहासात मात्र भाचीची बाजू मामाला वाटते त्याहून जुनी आहे. चीनच्या शिनजियांगमध्ये तुर्फानजवळ यांघाई इथल्या एका स्त्रीच्या थडग्यात चामड्याचं खोगीर सापडलं. इसवी सनापूर्वी सुमारे 700 ते 400 या काळातलं, म्हणजे आजवर मिळालेल्या सर्वांत जुन्या खोगिरांपैकी. गाईच्या कातड्याच्या दोन गाद्या, आत गवताचं काड आणि हरणाचे, उंटाचे केस. सांगाडा नाही. गाद्या कण्याच्या दोन अंगांना, मधे मोकळी जागा. आज लाखाच्या आसपास किंमत मोजून जर्मनी-अमेरिकेहून जे मागवतात, त्याची मूळ कल्पना हीच. लाकूड नंतर आलं. रिकिबीवर सगळं वजन देऊन उभं राहायचं म्हटलं की त्या रिकिबी लोंबकळवायला काहीतरी ठाम हवं. नुसत्या गादीवरून पट्टा टाकून रिकिबी सोडल्या तर तो पट्टा अरुंद जागेवर पाठीत काचतो. ट्रीलेसचं सर्वांत दुखरं ठिकाण आजही तेच.

मामा: रिकिबी कुठून सुटतात तुझ्या त्या खोगिरात?

भाची: वेगवेगळ्या कंपन्यांचं वेगवेगळं. बेअरफूट, बॉब मार्शल, फ्रीफॉर्म, कुणी रुंद पट्ट्यावर अडकवतं, कुणी पुढच्या कडक कमानीजवळ, कुणी जागा पुढेमागे सरकवायला देतं.

मामा: सगळी मऊ म्हणतेस, मग ही कमान कसली?

भाची: काहींना पुढे एक छोटी कडक कमान असते, खांद्याच्या उंचवट्यावर दाब येऊ नये म्हणून. ती बदलता येते.

मामा: म्हणजे सांगाडा काढला आणि त्याचा तुकडा परत घातला. असो. चढताना काय करणार? डाव्या रिकिबीत पाय घालून लटकलीस की खोगीर तुझ्यासकट पोटाखाली. आणि तुझी चांदणी गोल पाठीची, खांद्याला उंचवटा नावाला नाही.

भाची: खालून चढायचंच नाही. गडग्यावरून, नाही तर स्टुलावरून. तुझ्या खोगिरावरही तसंच चढावं, घोडीची पाठ वाचते.

मामा: आणि तंग?

भाची: बेताचा. कसून आवळला की मऊ खोगीर मधे दुमडतं. चढणीला छातीपट्टा, उतरणीला दुमची.

मामा: दुमची म्हणालीस, बरं वाटलं. हल्ली कुणी लावत नाही.

भाची: खरी गोष्ट वेगळीच आहे, मामा. ट्रीलेस घेताना अर्धे पैसे खोगिरात घालायचे आणि अर्धं लक्ष खालच्या गादीत. तिच्यात कण्याच्या दोन्ही बाजूंना खिसे असतात. त्यांत जाड फोमच्या किंवा नमद्याच्या पट्ट्या घालायच्या, मधली पन्हळ मोकळी. पाठ उतरली की पुढच्या बाजूला जादा तुकडा.

मामा: म्हणजे खोगीरभरतीच की.

भाची: म्हण.

मामा: मी विनोद करत नाहीये. डोक्यावर हंडा घेताना बाया चुंबळ घेतात, तिच्यावरच सगळा खेळ असतो. हंडा पितळेचा की स्टीलचा, मानेला काय त्याचं. तुझ्या खोगिराची चुंबळ नीट असेल तर मी थोडं ऐकीन. नसेल तर ते या वाडीत नको.

माझ्या मते या सगळ्या वादात मोलाचं हे एवढंच आहे, आणि ते मामाने सांगितलं. ट्रीलेस म्हणून जे विकलं जातं ते अर्धं खोगीर असतं, उरलेलं अर्धं त्याच्या खाली. जे लोक साध्या सुती कापडावर ते टाकून आठ दिवसांत घोड्याची पाठ सुजवतात आणि मग खोगिराला शिव्या देतात, त्यांनी गादीच घेतलेली नसते. म्हणून आधी गादी निवडावी, मग खोगीर. दुकानात हा क्रम उलटा असतो, कारण खोगीर दिसायला देखणं असतं.

बैठकीच्या सुखाबद्दलही एक भ्रम आहे. मऊ म्हणजे आरामदायक, असं धरून माणसं पैसे मोजतात. पण सांगाड्याचं खोगीर मांड्यांमधे निमुळतं करता येतं, ट्रीलेस तसं करणं अवघड. ते घोड्याच्या पाठीच्या आकारावर पसरतं. गोल पाठीच्या तट्टावर मांड्या आणखी फाकतात आणि तासाभरात खुबे दुखू लागतात. उलट रेसकोर्सवरून निवृत्त होऊन क्लबांत आलेला थरोब्रेड घ्या, उंच खांद्याचा, अरुंद पाठीचा. त्याच्यावर स्वाराला ट्रीलेस छान वाटतं, पण ते नेमकं खांद्याच्या हाडावर टेकतं. माणसाला सुखाचं आणि घोड्याला सुखाचं अशा दोन याद्या केल्या, तर दोन्हींत असणारं खोगीर विरळा. मग उंट घेतलेला बरा, असं मामा एकदा म्हणाला होता. उंटाला त्या नियमांत अडीचशे किलो चालतात.

भाची: आणि धुता येतं. तुझ्या चामड्याच्या खोगिरावर ऑगस्टमध्ये हिरवी बुरशी उगवते. मी बघितलीय.

मामा: फडक्याने पुसून तेल लावलं की गेली. तुझं ते रबरी अस्तर या घामट हवेत चिकटतं. घोडीचं अंग उकडून निघेल.

भाची: रबरी घेणारच नाही, लोकरीच्या नमद्याचं घेईन. घाम शोषतो, हवा खेळते.

मामा: आणि शिवण उसवली तर? माझं खोगीर बाजारातला चांभार तासात शिवून देतो. तुझ्यात ते चरचर उघडतं ते काय असतं?

भाची: वेल्क्रो.

मामा: त्यात वाळू शिरली की संपलं. वाळू, कुसळं, घोडीचे केस. एका हंगामात धरायचं बंद होईल. किनाऱ्यावरच्या माणसाने वेल्क्रोवर जीव टांगू नये.

भाची: दातेरी ब्रशने झाडायचं रोज.

मामा: रोज तू पुण्यात असतेस.

यावर दोघं थोडा वेळ गप्प बसली. खारं पाणी दोन्ही खोगिरांना सारखंच वाईट. ओहोटीच्या ओल्या वाळूवर घोडा धावायला उत्तम, पण उडालेले शिंतोडे बकलांना गंज चढवतात आणि चामडं सुकताना कडक करतात. घरी आल्यावर गोड्या पाण्याचं ओलं फडकं फिरवणं, एवढं तरी हवंच. मामा ते करतो. सगळे करत नाहीत.

भाची: मला एक सांग, तू खोगीर बसतंय की नाही हे ओळखतोस कसं? मशीन नाही, चटई नाही.

मामा: हात आहे. आधी तंग न बांधता नुसतं ठेवायचं, खोगीर आपली जागा सांगतं. मग तंग बांधून माणूस वर बसवायचा आणि खांद्याजवळ खालून तळवा सरकवायचा. हात अडकला तर घोडीही अडकली. मधल्या पन्हळीत पुढून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे, माणूस वर असताना. मोकळ्या खोगिरात तर सगळ्यांनाच दिसतो.

भाची: आणि फिरून आल्यावर?

मामा: घाम बघायचा. दोन्ही बाजूंना सारखा ओलावा, मधे कोरडी पन्हळ, उत्तम. ओल्यात एखादा कोरडा डाग दिसला की संशय घ्यायचा. तिथे इतका दाब असतो की घामही फुटत नाही, नाही तर खोगीर तिथे टेकतच नाही. हाताने चाचपलं की कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटांची टोकं कण्याच्या दोन्ही बाजूंनी मागपर्यंत दाबत न्यायची. पाठ खाली सोडली, कान मागे टाकले, कातडी थरथरली, तर त्या खोगिराला सुट्टी. घोडं विकत घेताना मी पाठीवर पांढरे केस आहेत का ते आधी बघतो, दात नंतर. काळ्या-तांबड्या घोड्याच्या पाठीवर पांढरा ठिपका म्हणजे कुणाच्या तरी खोगिराने तिथलं कातडं जाळलेलं असतं. ते केस पुन्हा रंगत नाहीत.

भाची: हीच परीक्षा ट्रीलेसची घेऊया ना. माझ्या मैत्रिणीकडून आणते. विकत नको. चौलपर्यंत वाडीवाडीने जाते, रेवदंड्याला वळते, परत. डांबरावर नाही.

मामा: एकदा नाही. एका रपेटीत कुठलंच खोगीर वाईट दिसत नाही. आठवडाभर घाल, आणि रोज संध्याकाळी पाठ मी बघणार.

भाची: कबूल.

मामा: तुझं वजन किती?

भाची: मामा!

मामा: घोडीला सांगायचंय, गावाला नाही.

भाची: छप्पन्न.

मामा: घोडी तीनशेच्या पुढची आहे. चालेल. शनिवारच्या गिऱ्हाइकांना मात्र ते खोगीर देणार नाही, कितीही मऊ म्हण. तिथे माझा सांगाडाच राहणार.

भाची: पण जे दोघांना बसतं, ते दोघांनाच घालशील? बाकीच्यांना मापाचं घे.

मामा: बघू. दिवाळीनंतर.

भाची: दरवर्षी दिवाळीनंतरच असतं.

मामा: तुझ्या गुडघ्यांचं राहिलंच. रिकिबी दोन भोकं खाली सोडून बघितल्यास? आखूड रिकिबीत गुडघा मुडपलेला राहतो, दोन तासांनी दुखणारच. त्याला लाखाचं खोगीर कशाला?

भाची: सोडल्या. पावसाळ्याआधीच सोडल्या.

मामा: मग?

भाची: गुडघे बरे आहेत. कंबर दुखते.

मामा: आण बाई ते खोगीर. गादी आधी मला दाखव.